डिस्पोजलचा ट्रक आणि व्हिंटेजचा नियम

आमच्या घरात सध्या एका ट्रकवरून वाद पेटला आहे. ट्रक दुसऱ्या महायुद्धातला, कॅनडात बनलेला शेवरोले. तो उभा आहे पुलगाव-आर्वी रस्त्यावरच्या आमच्या गावात, कोठ्याच्या मागं. धाकटा चुलतभाऊ म्हणतो, कबाडीला देऊन टाकू, तेवढ्या जागेत कापूस ठेवायला शेड होते. मी इंग्लंडातल्या लँकेशरमधून म्हणतो, ठेवू. त्यावर त्याचं उत्तर ठरलेलं: "दादा, तुले काय जाते तिकडून सांगाले? गाडी मायाच दारात उभी हाय." हे खरंच आहे. पावसाळ्यात तिच्याखालून साप निघतो तो त्याच्या घरात, माझ्या नाही.

पण त्याचा दुसरा मुद्दा मला पटत नाही. "गडकरींचा कायदा आला, पंधरा वर्षांवरची गाडी तोडाच लागते," असं तो म्हणतो, आणि तो एकटाच म्हणतो असं नाही. गावी गेलं की पानठेल्यावर हेच ऐकू येतं. 2021 च्या भंगार धोरणात खासगी गाडीचं नुसतं वय बघून ती मोडायला सांगितलेली नाही; फिटनेस तपासणीत नापास झाली तर प्रश्न येतो. पंधरा वर्षांनी सक्तीनं बाद होतात त्या सरकारी मालकीच्या गाड्या, त्याही 1 एप्रिल 2023 पासून, आणि लष्कराच्या खास कामाच्या गाड्यांना त्यातून वगळलं आहे. दिल्लीत दहा वर्षांच्या डिझेल गाड्यांचा जो गोंधळ चालला, तो हरित लवादाच्या आणि न्यायालयाच्या आदेशांमुळं. दिल्लीच्या बातम्या बघून वर्धा जिल्ह्यातला माणूस आपला ट्रॅक्टर विकायला काढतो, ही आपल्या टीव्हीची करामत.

खरी अडचण भंगार धोरणात नाहीच. ती आहे गडकरींच्याच मंत्रालयानं जुलै 2021 मध्ये काढलेल्या व्हिंटेज गाड्यांच्या नियमांत. पन्नास वर्षांवरच्या दुचाकी-चारचाकींना वेगळी नोंदणी, नंबरमध्ये 'व्हीए' ही अक्षरं, वीस हजार रुपये फी, दहा वर्षांची मुदत. अशी गाडी प्रदर्शनाला, रॅलीला, दुरुस्तीला नाहीतर डिझेल भरायला रस्त्यावर काढता येते, एरवी नाही. इथपर्यंत माझी तक्रार नाही. वाजवी आहे. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा. शिवाय ती खासगी वापराची हवी, आणि पन्नास वर्षं मोजायची ती पहिल्या नोंदणीपासून.

आता आमचा ट्रक या चाळणीत घालून बघा. युद्धात कॅनडानं आठ लाखांच्या वर लष्करी गाड्या बनवल्या. ब्रिटिश पद्धतीचं उजवं स्टीअरिंग, बुटकं नाक, बऱ्याच गाड्यांची समोरची काच खाली उतरताना आत कललेली. युद्ध संपल्यावर अशा असंख्य गाड्या या देशातच राहिल्या आणि डिस्पोजलमध्ये, म्हणजे लष्कराच्या उरलेल्या मालाच्या लिलावात, विकल्या गेल्या. टाटा-मर्सिडीज 1954 साली आली. तोवर ट्रक हवा असलेले कितीतरी लोक हर्रासात उभे राहायचे. आमच्या आजोबांनी असाच घेतला. वावरांतून कापूस आणायचा, सरपण आणायचं, पुढच्या चाकांनाही इंजिनाचा जोर जोडला की आषाढातल्या काळ्या मातीतूनही निघायचा. पेट्रोल मात्र पाण्यासारखं प्यायचा. म्हणून साठच्या दशकात त्याचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन उतरवून मद्रासच्या सिम्सनचं पर्किन्स पी-6 डिझेल चढवलं. चेसिसवर नवं फाउंडेशन वेल्ड केलं, मागची बॉडी सागवानी फळ्यांची बांधली, फाळका लोखंडी. लष्करी लोकांनी बघितला तर ओळखणार नाहीत, पण तो ट्रक चालला तो याच बदलांमुळं.

थोडक्यात, इंजिन बदललेलं, बॉडी बदललेली, आणि नोंदणी मालवाहू म्हणून. तिन्ही ठिकाणी नापास.

लष्करातून नंतर निघालेल्या गाड्यांचं तर आणखी विचित्र. शक्तिमान ट्रक घ्या. जर्मनीच्या एमएएन कंपनीच्या परवान्यानं जबलपूरला 1959 च्या सुमारास सुरू झालेला, 1996 पर्यंत बनलेला. आमच्या पुलगावला दारूगोळ्याचा मोठा डेपो, त्यामुळं आमच्या पिढीनं शाळेला जाताना शक्तिमानचे ताफे मोजले. लष्करी गाडीच्या नंबरात बाणापुढचे पहिले दोन आकडे म्हणजे ती घेतल्याचं वर्ष. वय असं कपाळावरच लिहिलेलं. पण 1972 चा शक्तिमान 1995 साली लिलावात कोणी घेतला असेल, तर त्याची मुलकी नोंदणी 1995 ची. नियम जसा लिहिलाय तसा वाचला तर तो म्हातारा होणार 2045 साली. तोवर त्याचा एकही नट शाबूत राहील का?

इंग्लंडात मी शनिवारी ज्या शेतातल्या शेडमध्ये जातो, तिथं आमच्या सात-आठ जणांच्या टोळीचा एक बेडफर्ड एमके ट्रक आहे. ब्रिटिश सैन्यातून निघालेला, चारही चाकं ओढणारा. गाडी चाळीस वर्षांची झाली की इथं रोड टॅक्स माफ होतो, आणि 2018 पासून वार्षिक तपासणीही माफ, धंद्यासाठी वापरात असलेल्या मोठ्या गाड्या सोडून. विमा लागतो, मोठ्या गाडीचं लायसन्स लागतं, आणि गाडी रस्त्यावर धड नसेल तर जबाबदारी मालकाची. 'मोठा बदल' नको ही अट इथंही आहे. फरक पुढं आहे. गाडी वापरात असण्याच्या काळात त्या जातीच्या गाड्यांमध्ये जे बदल होत होते, ते इथं बदल धरत नाहीत. मूळ पार्ट मिळेनासे झाल्यामुळं केलेले बदल चालतात. आणि मालवाहू गाडी असेल तर धंद्याच्या काळात सर्रास केले जाणारे बदलही चालतात, फक्त तसं दाखवून द्यावं लागतं. या एका कलमात आमचा पर्किन्सवाला शेवरोले बसला असता.

म्हणजे माझं म्हणणं एवढंच आहे. आपला नियम न राबलेली गाडी जपतो. संस्थानिकांच्या गॅरेजात कापडाखाली राहिलेली मोटार त्यात पास होते. कापूस ओढून, जंगलातून लाकूड काढून, चार वेळा इंजिन बदलून जगलेला ट्रक नापास. धोनीनं 2019 मध्ये जोंगा ही जुनी लष्करी जीप घेतली तेव्हा सगळ्यांना केवढं कौतुक वाटलं. अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे आणि ते बघण्यासारखं आहे. रणगाड्याला दारूगोळा, जवानाला रेशन ज्यानं पोचवलं त्या ट्रकची रवानगी मात्र थेट कटरखाली.

इंग्लंडातलं सगळं उचलून आणा असं मी म्हणत नाही. तपासणीची माफी तर नकोच. इथं ती चालते कारण ही मंडळी वर्षातून थोडीच गाडी बाहेर काढतात आणि ब्रेकच्या बाबतीत भटजीपेक्षा कर्मठ असतात. आपल्याकडं माफी दिली तर त्याच नंबरवर गिट्टी वाहणारे दुसऱ्या दिवशी रांग लावतील. इथल्या छंदातही मला खुपणारं बरंच आहे. केंटमधल्या लष्करी गाड्यांच्या मोठ्या मेळ्यात मी गेलो होतो. अमेरिकन गणवेश घालून जीपमध्ये बसलेली ब्रिटिश माणसं शेकड्यानं दिसली. त्याच युद्धात पंचवीस लाखांच्या आसपास हिंदी सैनिक होते, त्यातले कितीतरी ब्रह्मदेशात याच कॅनडियन ट्रकांवर बसून लढले. त्यांची आठवण काढणारा तंबू मला तरी दिसला नाही. पुढच्या वेळी आपणच एक लावावा असं एक पंजाबी मित्र म्हणतो, बघू.

एक गोष्ट मात्र चुलतभावाला वारंवार सांगावीशी वाटते: त्याचा ट्रक आमच्या बेडफर्डपेक्षा चांगल्या अवस्थेत आहे. इंग्लंडात हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, हवा कायम ओली. आमचा अर्धा वेळ गंज खरवडण्यात जातो. पत्रा टोचला की पेन्सिल आरपार. विदर्भात लोखंड टिकतं, मरतं ते रबर. मे महिन्यातल्या पंचेचाळीस डिग्रीत ऑइल सील, होज पाइप, ब्रेकची किट, वायरींवरचं आवरण, सगळं पापडासारखं तडकतं. फळ्यांना उदई लागते. आणि काळी माती पावसात टायर गिळते, म्हणून अशी गाडी आधी ठोकळ्यांवर चढवायची. पण यातलं बहुतेक सगळं मिळतं किंवा बनवून घेता येतं. गंजलेली चेसिस नवी बनवता येत नाही.

शिवाय पुलगावला चाचा आहेत. पंप-नोजलचं काम करणारे, हातात पाना धरल्यापासून पर्किन्स खोलत आलेले. इंग्लंडातल्या आमच्या शेडमध्ये निवृत्त इंजिनिअर पुस्तक उघडून जे तासभर शोधतात, ते चाचा इंजिनावर स्क्रूड्रायव्हर टेकवून, त्याची मूठ कानाला लावून सांगतात. 1921 साली मँचेस्टरला बनलेलं वाफेचं इंजिन यवतमाळ-मूर्तिजापूरच्या शकुंतला रेल्वेला 1994 पर्यंत ओढत राहिलं, ते अशाच हातांमुळं. इंग्लंडात मिस्त्रीचा तासाचा भाव ऐकून माणूस आपोआप छंदी होतो. गावाकडं मिस्त्री आहे, पण उभ्या गाडीवर काम करायचे पैसे त्याला कोण देणार? चाचांचा मुलगा आता पुण्यात ई-रिक्षाच्या बॅटऱ्या बसवतो.

चाचांनासुद्धा एक गोष्ट फोनवर दोनदा सांगितली. या ट्रकच्या चाकाची रिम दोन भागांची असते आणि त्यावर नटांच्या दोन रांगा. एक रांग चाक गाडीला धरते, दुसरी त्या दोन भागांना एकत्र. ब्रिटिश लष्कर दुसऱ्या रांगेला लाल रंग देत असे, कारण हवा भरलेली असताना ते नट सोडले तर रिम तोफगोळ्यासारखी उडते. आमच्या ट्रकचा लाल रंग केव्हाच गेलाय. आधी वॉल्व्ह काढून हवा सोडायची, मगच पाना. चाचा हसले. "बाबू, इस टायर के सामने मैं खडा रहता नहीं," म्हणाले.

चुलतभावाचा हिशेब साधा आहे. शेड झाली तर कापूस भावासाठी थांबवता येतो, आणि भाव कोसळलेल्या वर्षी त्या थांबण्याची किंमत काय असते हे मला लँकेशरमधून कळणार नाही. ही बाजू जड आहे. म्हणून ट्रक कोठ्यामागून हलवून धुऱ्याजवळ, म्हणजे शेताच्या बांधाला, ठोकळ्यांवर ठेवायचा असं ठरलंय; क्रेनचे, ठोकळ्यांचे आणि चाचांचे पैसे माझे, शेड त्याची. ब्रेक आणि सील झाल्या की इंजिन चालू करायचं. 'व्हीए' नंबरसाठी अर्ज करायचा नाही, कारण इंजिन नंबर बघताच तो परत येईल. नियमात काम करताना झालेल्या बदलांना जागा मिळेपर्यंत ट्रक आमच्या धुऱ्याबाहेर जाणार नाही, हेही मी कबूल केलंय. चुलतभावाला त्याच्यामागं पाण्याचा टँकर जोडून वावरात फिरवायचा आहे. त्याला माझी हरकत नाही.