कंट्रोल सिस्टिम्स शिकलेल्यांची पदवी वाया गेलेली नाही

मेकॅनिकल किंवा इन्स्ट्रुमेंटेशनची पदवी घेऊन सॉफ्टवेअरमध्ये आलेल्या मुलामुलींना पुण्याच्या आयटी कंपन्यांत 'चार वर्षे फुकट गेली' असे अजूनही गमतीने ऐकवले जाते, आणि त्यांतले बरेच जण ते मुकाट्याने मान्यही करतात. मला हे मुळीच पटत नाही. निदान कंट्रोल सिस्टिम्स (मोजमाप पाहून यंत्रणेने स्वतःला कसे सावरावे, याचे शास्त्र) या विषयापुरते तरी उलटेच खरे आहे: कॉम्प्युटर शाखेत ज्याला फारशी जागा मिळत नाही, तोच विषय प्रॉडक्शनमध्ये, म्हणजे ग्राहक वापरत असलेल्या चालू यंत्रणेत, पदोपदी लागतो.

ऑटोस्केलिंगचेच, म्हणजे भारानुसार सर्व्हर आपोआप कमीजास्त करण्याचेच पाहा. सीपीयूचा वापर ७० टक्क्यांवर गेला की सर्व्हर वाढवायचे आणि खाली आला की कमी करायचे, हा नियम कागदावर निर्दोष दिसतो. प्रत्यक्षात नवा सर्व्हर सुरू होऊन, त्याची कॅशे (हाताशी ठेवलेल्या माहितीचा साठा) भरून तो कामाला लागेपर्यंत काही मिनिटे जातात. तेवढ्या वेळात सीपीयू चढलेलाच राहतो, म्हणून नियम आणखी सर्व्हर मागवतो. ते सगळे एकदम उभे राहिले की भार धाडकन उतरतो आणि तोच नियम आता त्यांना बंद करत सुटतो.

जेम्स वॉटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनावर बसवलेल्या गव्हर्नरच्या, म्हणजे वेग आपोआप आवरणाऱ्या यंत्राच्या, परंपरेतही हाच आजार होता. वेग वाढला की फिरते गोळे बाहेर फेकले जात आणि वाफेची झडप मिटत जाई. पण काही इंजिने एका वेगावर स्थिरावण्याऐवजी सतत वरखाली होत राहत. मेकॅनिकलवाले याला हंटिंग म्हणतात. अशी व्यवस्था स्थिरावेल की हेलकावतच राहील, हे तिच्या समीकरणाच्या मुळांवरून ठरते, असे भौतिकशास्त्रज्ञ जेम्स क्लार्क मॅक्सवेलने १८६८ मध्ये दाखवले. सर्व्हरवाल्यांनी त्यातून एवढे घेतले तरी पुरे, की दुरुस्ती जितकी उशिरा पोहोचणार असेल, तितकी ती बेताने करावी लागते.

दुसरा उपाय हिस्टेरेसिसचा, म्हणजे चालू आणि बंद होण्याच्या आकड्यांत मुद्दाम अंतर ठेवण्याचा. फ्रिजचा कॉम्प्रेसर एका तापमानाला चालू होतो आणि त्याहून खालच्या तापमानाला बंद होतो. दोन्ही आकडे एकच ठेवले, तर तो दिवसभर चालू-बंद होत राहील. अनेक सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटीस या प्रणालीचा ऑटोस्केलर पॉड (सॉफ्टवेअरच्या चालू प्रती) कमी करताना मुळातच गेल्या ३०० सेकंदांतील सर्वांत मोठी गरज धरून चालतो, ती याच जातीची खबरदारी आहे. (खर्च वाचवायचा म्हणून तो आकडा शून्य करून टाकणारे महाभाग मी पाहिले आहेत.)

याचे सर्वांत बोलके उदाहरण मात्र इंटरनेटच्याच इतिहासात आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये, लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळा आणि बर्कलीचे विद्यापीठ या जेमतेम ४०० यार्डांवरच्या दोन ठिकाणांमधला वेग सेकंदाला ३२ किलोबिटवरून ४० बिटवर कोसळला. वाटेत नुसती रखडलेली पॅकेट्स (माहितीचे छोटे तुकडे) हरवली असे समजून पाठवणारी यंत्रे तीच पुन्हा पाठवत होती आणि तुंबलेल्या वाटेवर आणखी भर घालत होती. व्हॅन जेकबसन आणि मायकेल कॅरल्स यांनी १९८८ च्या शोधनिबंधात दिलेले उत्तर थेट प्रवाहाच्या भौतिकशास्त्राला धरून होते: एक पॅकेट बाहेर पडल्याशिवाय नवे आत सोडायचे नाही, वेग हळूहळू वाढवायचा, आणि कोंडी जाणवताच तो निम्म्यावर आणायचा.

आज आपण तीच कोंडी मायक्रोसर्व्हिसेसमध्ये, म्हणजे एकमेकांना विनंत्या पाठवणाऱ्या छोट्या छोट्या सेवांमध्ये, हाताने घडवतो. उत्तर न आल्याने एकाखाली एक अशा तीन थरांनी प्रत्येकी तीन प्रयत्न केले, तर आधीच धापा टाकणाऱ्या डेटाबेसवर एका विनंतीपोटी २७ विनंत्या आदळतात. दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेणे आणि त्यात थोडा यादृच्छिकपणा मिसळणे, एवढ्यानेही पुष्कळ फरक पडतो. पण हे काम अपघात झाल्यावरच्या बैठकीपर्यंत कोणाला आठवत नाही.

यासाठी लाप्लास ट्रान्सफॉर्म (या विषयातले नेहमीचे गणित) पुन्हा गिरवण्याची गरज नाही. डिझाइन रिव्ह्यूमध्ये 'हे मोजमाप किती सेकंद जुने आहे?' असे कोणी विचारले, तर तो प्रश्न 'नंतर बघू' म्हणून बाजूला सारला जाऊ नये, इतकीच अपेक्षा आहे; कारण मोजमाप मिनिटातून एकदाच ताजे होत असेल आणि नियम दर १५ सेकंदांनी चालत असेल, तर एकाच शिळ्या आकड्यावर चार वेळा कारवाई होऊ शकते.