घरातली तेलुगू बंद करू नका

"घरात तेलुगू बोलणं बंद करा, मुलाचं मराठी व्याकरण कच्चं राहतंय." पालकसभेत बाईंनी हे सांगितलं, तेव्हापासून मन अस्वस्थ आहे.

चूक कोणती? मुलगा म्हणतो, "मी पोळी खाल्लो." तेलुगूत क्रियापद खाणाऱ्याकडे बघतं, पोळीकडे नाही: नेनु तिन्नानु, म्हणजे 'मी खाल्लो'. पोराने तोच नियम मराठीला लावला. याला मी गोंधळ म्हणणार नाही. आणि "मी काम केलो" तर आपलं अख्खं सोलापूर बोलतं! ज्यांच्या घरात तेलुगू नाही, कन्नड नाही, तेसुद्धा. 'खाल्ली' त्याला यायलाच हवं, पण त्यासाठी आजीची भाषा का काढून घ्यायची?

माझी आई, म्हणजे त्याची अव्वा, विड्या वळता वळता त्याला गोष्टी सांगते. मांडीवर सूप, हातात कात्री, तोंडाने गोष्ट चालू. चार वर्षांचा असताना मी त्याला विचारलं होतं, "मांजराला उंदराने पळवलं. कोण पळालं?" म्हणाला, "उंदीर." घरात फक्त मराठी असलेली मुलंही या वयात इथं फसतात, ज्याचं नाव आधी त्यानेच केलं, असं धरतात. पुढे अव्वाच्या गोष्टीत 'पिल्लिनि एलुक तरिमिंदि' (मांजराला उंदराने पळवलं) ऐकून ऐकून त्याला 'नि'चं काम कळलं. मग मराठीतला 'ला' समजायला फार दिवस लागले नाहीत. 'आपण' आणि 'आम्ही' यांत तर तो कधीच चुकला नाही, कारण तेलुगूतही मनम् वेगळं, मेमु वेगळं.

अडतो तो 'जो-तो'ला. 'काल आलेला मामा' लगेच कळतं, तेलुगूतही 'निन्न वच्चिन मामय्य' अशीच बांधणी आहे. पण "जो मामा काल आला, त्याने कुणाला पैसे दिले?" म्हटलं की नुसता बघत राहतो. यात दोष तेलुगूचा नाही, माझा आहे. मी त्याच्याशी मराठी बोलतो ते "आवर, चल, दप्तर घे" एवढंच. एवढ्यात 'जो' कुठून कानावर पडणार? लांब वाक्यं ऐकल्याशिवाय लांब वाक्यं समजत नाहीत, मग घरात एक भाषा असो की दोन.

बाई, तेलुगू बंद होणार नाही. तुम्ही वर्गात रोज एक मोठी गोष्ट वाचून दाखवा, घरी मी वाचतो. आठ दिवस झाले सुरू करून. काल त्याने मला मध्येच थांबवलं, "पप्पा, 'ज्याला' म्हणजे कुणाला?" मी मागचं वाक्य पुन्हा वाचलं.