रॉकस्टारच्या मागे युरोपला जाताना : इंदूरकर रसिकांसाठी मार्गदर्शन

येत्या रविवारी आपल्या शहरात ‘स्प्रिंगस्टीनच्या मागे युरोपात’ या विषयावर अनुभवकथन आहे. स्प्रिंगस्टीन म्हणजे अमेरिकेचा रॉक गायक. प्रवेश विनामूल्य, नंतर पोहे. वक्ते आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचे ॲडमिन आहेत. २०२५ च्या उन्हाळ्यात त्यांच्याच बरोबर मी मिलानला गेलो होतो. निमंत्रणाच्या कार्डावर त्यांचा फोटो आहे : मागे तिथल्या सान सिरो स्टेडियमचे ते गोल गोल जिने, डोळ्यांवर गॉगल, दोन्ही अंगठे वर. उजव्या कडेला जो अर्धा कापलेला खांदा दिसतो, तो माझा.

ते सगळं सांगतीलच. पण तासाभरात काय काय बसणार? म्हणून त्यांच्याकडून जे राहून जाईल ते मी आधीच लिहून ठेवतो. रसिकहो, वह्या काढा.

सर्वप्रथम कलाकार निवडा. त्याची गाणी ऐकलेली असण्याची सक्ती नाही. स्प्रिंगस्टीनच्या १९८४ च्या अल्बममधलं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’ हे गाणं तेवढं माहीत असावं आणि ते देशभक्तीपर आहे असं समजून मुठी आवळून म्हणता यावं. व्हिएतनामहून परत आलेल्या आणि गावात कुणी काम न दिलेल्या सैनिकाची ती कैफियत आहे, असं कुणी सांगू लागला तर त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणा, ‘ज्यादा मत सोचो भिया.’

थोडा इतिहासही हाताशी ठेवा. ब्रूस स्प्रिंगस्टीन भारतात येऊन गेला आहे. ३० सप्टेंबर १९८८ ला, दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवर, ॲम्नेस्टी या मानवी हक्कांच्या संस्थेच्या दौऱ्यात. बरोबर स्टिंग, पीटर गॅब्रिएल, ट्रेसी चॅपमन आणि युसू न्दूर होते. तेव्हा तुम्ही इथंच कॉलेजात होतात आणि राजवाड्याच्या पलीकडे गेला नव्हतात, तरी ‘होतो ना मी!’ म्हणायला हरकत नाही. तपासणार कोण? मी होतो, जनरलच्या डब्यात दाराशी बसून गेलो होतो. पण माझ्याकडे फोटो नाही, त्यामुळे माझं जाणं धरायचं नाही.

व्हिसाचं काम ग्रुपमधल्या एकाच माणसाच्या गळ्यात घाला. तो बिचारा बँकेचं स्टेटमेंट, आयकराची रिटर्न्स, ३० हजार युरोचा प्रवास विमा, ३५ बाय ४५ मिलिमीटरचा फोटो असं सगळ्यांचं गोळा करत बसेल. तुम्ही फक्त ‘झालं का?’ एवढं विचारत राहा. ९० युरो फी व्हिसा नाकारला तरी परत मिळत नाही, हे त्यानं सांगितलं की ‘तू आधी का नाही बोललास?’ म्हणून त्यालाच झापा. बोटांचे ठसे मात्र ज्याचे त्यानंच द्यावे लागतात. हे कळल्यावर आमचे ॲडमिन पार हादरले. मुंबईपर्यंत स्वतः जायचं? अवंतिका एक्स्प्रेसनं? एका बोटाच्या ठशासाठी? इतक्या वर्षांच्या ओळखी काय कामाच्या मग! कुणीतरी ‘सेटिंग’ करून देईल म्हणून त्यांनी इंदुरातले निम्मे ट्रॅव्हल एजंट पालथे घातले. शेवटी गेले. गाडीत रात्रभर तोंड पाडून बसले होते.

कार्यक्रम पुढे ढकलला गेला तर कलाकाराला शिव्या द्या. मिलानचे हे दोन कार्यक्रम मुळात जून २०२४ चे. घसा बिघडला, डॉक्टरांनी गाऊ नका सांगितलं, आणि नव्या तारखा पडल्या ३० जून आणि ३ जुलै २०२५. माणूस तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याआधी २०२३ च्या सप्टेंबरात पोटातल्या अल्सरनं त्याला दौरा थांबवावा लागला होता. पण आपल्या ग्रुपवर मेसेज काय पडावा? ‘इतके पैसे घेतात, नखरे किती!’ हे लिहिणाऱ्याला त्याच आठवड्यात साध्या सर्दीसाठी तीन दिवसांची रजा हवी होती.

तिकिटं मेव्हण्याच्या नावावर काढून ठेवावीत, ऐनवेळी कोण जाणार ते ठरवता येतं. इटलीत २०१९ पासून मोठ्या कार्यक्रमांच्या तिकिटावर ज्याचं त्याचं नाव असतं आणि दारात ओळखपत्र बघतात, ही किरकोळ गोष्ट विमानात बसल्यावर वाचा.

स्टेडियममध्ये हजारो लोक ‘ब्रूऽऽऽस’ असा लांब हेल काढून ओरडतात (ते ‘बूऽऽ’सारखं ऐकू येतं), तेव्हा ‘हे लोक त्याची हुर्यो का उडवतायत?’ असं मोठ्यानं विचारा.

पोह्यांवरच्या जिरावण मसाल्याची पुडी न्या. (हा सल्ला खरा आहे.)

आता रांग. इथं जरा थांबतो, कारण वक्ते हा भाग गाळणार याची मला खात्री आहे.

मैदानात उभं राहायच्या तिकिटावर जागेचा नंबर नसतो. जो आधी आत जाईल, तो स्टेजच्या कठड्याला टेकेल. त्यामुळे स्प्रिंगस्टीनचे चाहते आदल्या दिवसापासून, कधी त्याच्याही आधीपासून, बाहेर ठाण मांडतात. आणि युरोपभर कित्येक वर्षं ही रांग ते स्वतःच चालवत आले आहेत. पोलीस नाही, आयोजक नाही. एक वही. आलात की वहीत नाव, हाताच्या पाठीवर मार्करनं आकडा, आणि मग ठरावीक वेळानं हजेरी. रात्री, पहाटे, सकाळी. हजेरीला तुम्ही नसलात की आकडा कापला. मागचे सगळे एक पाऊल पुढे. वशिला चालत नाही, पैसे चालत नाहीत, तुम्ही स्प्रिंगस्टीनच्या न्यू जर्सीहून आलात की आपल्या नंदानगरहून, कुणी विचारत नाही.

आमच्या रांगेची वही एका तिशीच्या मुलीकडे होती. पेन दोरीनं गळ्यात अडकवलेलं, वहीचा पुठ्ठा उन्हानं वाकलेला. युरोपात त्या आठवड्यात उष्णतेची लाट होती, डांबर चपलेला चिकटत होतं. ती आकडा पुकारायची, आधी इटालियनमध्ये, मग इंग्रजीत, आणि मान वर करून हात बघायची. चेहरा बघायचीच नाही. घामानं कुणाचा आकडा पुसट झाला असेल तर खिशातला मार्कर काढून तोच आकडा पुन्हा गिरवून द्यायची.

आमच्या सहाही जणांच्या हातावर आकडे पडले आणि ॲडमिन म्हणाले, “अरे, तू तर थांबतोच आहेस. आमचे पाच पण बोलून टाक.” आणि पाचही जण मेट्रो पकडून हॉटेलवर. ए.सी.त.

बोलून टाक म्हणजे? मी काय पाच हातांचा आहे?

माझ्या शेजारी जिनोआचे एक निवृत्त गृहस्थ होते. स्प्रिंगस्टीन इटलीत पहिल्यांदा गायला तो याच मैदानात, २१ जून १९८५ ला. त्या दिवशी हे आत होते. तेव्हा केस होते, असं त्यांनी हातानं दाखवलं. मी १९८८ ची दिल्ली सांगितली, तर त्यांनी बाजूच्या चारजणांना बोलावून मला ती पुन्हा सांगायला लावली. आपली घडीची खुर्ची ते अर्धा तास मला द्यायचे, अर्धा तास स्वतः बसायचे. रात्रीच्या हजेरीला माझा आकडा झाला, मी हात वर केला. मग पुढचे पाच आकडे आले. मुलीनं एकेक दोनदा पुकारला. कुणीच बोललं नाही. जिनोआकरांनी माझ्याकडे बघितलं. मुलगी वहीवर रेघ ओढून पुढे गेली. पहाटे पुन्हा हजेरी झाली तेव्हा ते पाच आकडे वहीत नव्हते.

दुपारी मंडळी आली. अंघोळ करून, इस्त्रीचे शर्ट घालून, अत्तर मारून. सरळ दोरी उचलून आत, माझ्याकडे बोट दाखवत, “फॅमिली! फॅमिली!” मुलीनं हात बघायला मागितले. आकडे होते, अंघोळीनंतरही होते, मार्कर पक्का होता. तिनं वही उघडून रेघा दाखवल्या. झालं. “वी केम फ्रॉम इंडिया! सेव्हन थाउजंड किलोमीटर!” एकानं खिशातून नोट काढली. वीस युरोची. रात्रभर जागलेल्या मुलीसमोर वीस युरोची नोट धरली! दुसऱ्यानं व्हीआयपीचं काही आहे का विचारलं. याला उज्जैनला महाकालाच्या दारातही हाच प्रश्न पडतो. तिसरा मला मराठीत सांगत होता, “बोल ना तिला काहीतरी, तुझी ओळख झालीय ना.” आणि ॲडमिन त्या सगळ्याचं शूटिंग करत होते, पुरावा म्हणून.

आवाज वाढला तसे सुरक्षारक्षक आले. त्यांना कोण कुठला, काय कळणार? सहा भारतीय, एक टोळकं. सहाही जण बाजूला. पासपोर्ट दाखवा, तिकिटं दाखवा. मी माझा हात दाखवत होतो, जिनोआचे गृहस्थ माझ्या वतीनं इटालियनमध्ये भांडत होते, मुलगी वही घेऊन धावत आली, माझ्या आकड्यावर बोट ठेवून दाखवत राहिली. हे सगळं मिटेपर्यंत दारं उघडली होती आणि रांग आत गेली होती. मी मैदानात पोचलो तेव्हा स्टेज लांब कुठंतरी होतं, समोर एका उंच माणसाची पाठ होती आणि बाजूला आमचे ॲडमिन म्हणत होते, “जाऊ दे ना, इथूनही मस्त दिसतंय.”

असो. सूचना चालू.

कार्यक्रम सुरू झाला की घरी व्हिडिओ कॉल लावा. वहिनींना काही ऐकू जात नाही, त्या तिकडून “हॅलो, हॅलो” करत असतात, पण तुमचा चेहरा दिसतो आणि मागे दिवे दिसतात, तेवढं बस. स्प्रिंगस्टीननं २०१२ मध्ये हेलसिंकीला चार तासांच्या वर गाऊन दाखवलं होतं. २०२५ मध्ये, पंचाहत्तरीतही तो तीन तासांच्या आसपास उभा राहत होता आणि बॅंडला मध्ये श्वास घेऊ देत नव्हता. तेवढ्या वेळात तुमची बॅटरी संपेल, तेव्हा पॉवर बॅंक शेजाऱ्याकडून मागून घ्या. स्प्रिंगस्टीन गाणं थांबवून आपल्या देशातल्या सरकारबद्दल चार शब्द बोलू लागला (मँचेस्टरच्या कार्यक्रमापासून या दौऱ्यात तो रोजच बोलत होता), तर “भाषण नको, गाणं म्हण!” असं मराठीत ओरडा. तुम्ही राजकारणाच्या पलीकडचे, तुमच्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ फक्त सुविचारच येतात.

त्याच्या बॅंडमधला सॅक्सोफोनवाला क्लॅरेन्स क्लेमन्स २०११ मध्ये गेला. आता त्याचा पुतण्या जेक सॅक्सोफोन वाजवतो. तो पुढे आला तेव्हा आजूबाजूची म्हातारी म्हातारी माणसं रडत होती. मला लांबून नीट दिसलं नाही. ऐकू आलं. तेवढ्यात एकानं माझ्या कानाशी विचारलं, “उद्या कोमो लेकला जायची गाडी किती वाजता?”

ते मुळी ऐकायला आलेच नव्हते. स्टेडियममध्ये जाऊन आलो हे इंदुरात सांगता यावं, एवढ्यासाठी आले होते. ठीक आहे, ज्याची त्याची हौस, ज्याचा त्याचा पैसा. मग ज्यांना ऐकायचं होतं त्यांच्या रांगेत कशाला घुसलात? ती मुलगी तिथली नोकर नव्हती. तिला कुणी पगार देत नव्हतं. तिलाही तोच माणूस जवळून बघायचा होता आणि त्यासाठी ती सगळ्यांची राखण करत बसली होती. तिच्या तोंडावर पैसे फेकायचे, वर ‘हे लोक भारतीयांना कमी लेखतात’ म्हणून ग्रुपवर पोस्ट टाकायची? कोण कमी लेखत होतं? अर्धी रात्र मी त्यांच्या खुर्चीत बसलो होतो!

आणि हे मिलानमध्ये झालं म्हणून झोंबलं, एवढंच. इथं आपण रोज हेच करतो. नाटकाला एक जण लवकर जातो आणि आठ खुर्च्यांवर रुमाल टाकतो. गॅसच्या रांगेत “हे माझ्या मागे होते” म्हणून तिघं उगवतात. लग्नाच्या पंगतीतसुद्धा खुर्चीवर पर्स असते. कुणी बोललं की तोच तुसडा. उभं राहायला दुसरा, ताटकळायला दुसरा, फोटोत मात्र मधोमध आपण.

थांबायचं नसेल तर थांबू नका. सान सिरोला वर तीन मजली सज्जे आहेत, खुर्चीवर तुमचा नंबर असतो, सावकाश या, समोर स्क्रीन आहे, व्हिडिओ कॉलला रेंजही बरी मिळत असेल. तिथलं तिकीट काढा. मैदानात येऊ नका.