खुलासा : २५२० ही ‘एकमेव’ संख्या नाही

‘१ ते १० या सर्व संख्यांनी निःशेष भाग जाणारी २५२० ही एकमेव संख्या, रामानुजन यांनी ती शोधली, ७ दिवस × ३० दिवस × १२ महिने हे तिचं गुपित’ असा फॉरवर्ड व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय.

भाग जातो, हे खरं. ‘एकमेव’ मात्र साफ चूक. ५०४० लाही जातो, ७५६० लाही. २५२० ही त्यांतली सर्वांत लहान, म्हणजे शाळेतला लसावि: ८×९×५×७. लसावि काढायची रीत युक्लिडच्या काळापासून माहीत आहे.

७×३०×१२ हा गुणाकार बरोबर, पण गूढ कसलं? ३०×१२ म्हणजे ३६०. तिला १ ते १० पैकी फक्त ७ ने भाग जात नाही. ७ ने गुणलं की तीही अडचण मिटली.

रामानुजन यांचा संबंध आहे, पण वेगळा. आपल्याहून लहान प्रत्येक संख्येपेक्षा जास्त विभाजक असलेल्या संख्यांवर त्यांचा १९१५ चा शोधनिबंध आहे. ४८ विभाजकांची २५२० त्यांत बसते. (फॉरवर्ड करायचंच होतं तर हे करायचं!)

आणि १ ते २० साठी हवी असेल, तर सर्वांत लहान संख्या २३,२७,९२,५६०.