सुटी नेमकी कोणाला?

‘सगळे धर्म शेवटी एकच सांगतात’ हे वाक्य ऐकलं की मी सावध होते. म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा विषय संपवून चहा घ्यायचा असतो. खोटं बोलू नये, चोरी करू नये, हे तर शाळेच्या भिंतीवरही रंगवलेलं असतं. पण एक शिकवण खरंच ठिकठिकाणी सापडते आणि तिच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही: अधूनमधून हातातलं काम खाली ठेवा, आणि दुसऱ्यालाही ठेवू द्या.

आपल्या रायगडातच बघा. बेने इस्राएली म्हणजे कोकणातले ज्यू. त्यांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज जहाज फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले. पुढे पिढ्यान्‌पिढ्या ते कोकणात राहिले, मराठी बोलू लागले, तेलाचे घाणे चालवू लागले. रोह्याचे रोहेकर झाले, पेणचे पेणकर, किहीमचे किहीमकर. हिब्रू जवळजवळ विसरली, ग्रंथ उरले नाहीत. मुलांची सुंता, खाण्यापिण्याचे काही नियम, ‘शमा’ प्रार्थना आणि शनिवारी घाणा बंद, एवढं टिकलं. गावाला त्यांचा धर्म काय ते कळायचं कारण नव्हतं, पण शनिवारी तेल मिळत नाही हे कळायचं. म्हणून गावाने त्यांना नाव दिलं ‘शनवार तेली’. शेजारी सोमवारी घाणा न जुंपणारे ‘सोमवार तेली’ही होते, तो वार शंकराचा म्हणून. दोन्हीकडच्या घाण्याच्या बैलाला वार कोणाचा याच्याशी काही देणंघेणं नसणार.

बैलाचा उल्लेख गमतीने केलेला नाही. शब्बाथ म्हणजे ज्यूंचा शनिवारचा विसाव्याचा दिवस. दहा आज्ञांमधली त्याची आज्ञा बायबलमध्ये दोनदा येते. ‘निर्गम’मध्ये कारण दिलंय की देवाने सहा दिवसांत सृष्टी केली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. ‘अनुवाद’ या पुस्तकात यादी जवळजवळ तशीच, पण कारण वेगळं: तू, तुझा मुलगा, मुलगी, दास, दासी, बैल, गाढव, तुझ्या गावात राहणारा परका माणूस, यांच्यापैकी कोणीही काम करायचं नाही. का, तर तुझ्यासारखाच तुझ्या दासदासींनाही विसावा मिळावा. तूही मिसर देशात (इजिप्तमध्ये) दास होतास, हे विसरू नकोस. मला हे दुसरं कारण जास्त पटतं. मालक कधीही लवंडू शकतो, त्याला देवाची परवानगी लागत नाही. आज्ञा लागते ती ज्याला सुटी मागता येत नाही त्याच्यासाठी.

आणि हे आपल्या शेतकऱ्याला कोणी शिकवावं लागलं नाही. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी. जू घेऊन घेऊन घट्टे पडलेले खांदे हळद-तुपाने चोळायचे आणि बैलाला सांगायचं, ‘आज आवतण घ्या, उद्या जेवायला या.’ दुसऱ्या दिवशी जू नाही, पुरणपोळी आहे. वर्षातून एकच दिवस, हे कमीच झालं म्हणा. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास आणि जैन साधूंचा चातुर्मास यांत विचार आणखी खाली उतरतो. पावसात उगवलेले कोंब आणि बारीक जीव पायाखाली चिरडू नयेत म्हणून साधूने फिरणं थांबवायचं.

आता फरकही सांगते, नाहीतर मीही त्या चहावाल्यांतलीच ठरेन. शुक्रवार हा इस्लाममध्ये मुळात विश्रांतीचा दिवस नाही. कुराणातली आज्ञा अशी की जुम्म्याची हाक ऐकली की व्यापार सोडून या, आणि नमाज झाली की पांगा, आपली रोजीरोटी शोधा. बौद्धांचा उपोसथ हा व्रताचा दिवस आराम करायला नसतो, त्या दिवशी अष्टशील म्हणजे आठ नियम पाळायचे असतात. येशूचं तर शब्बाथावरूनच परूशांशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या ज्यू पंथाशी, वाजलं. त्याचं म्हणणं, शब्बाथ माणसासाठी आहे, माणूस शब्बाथासाठी नाही. ज्यू धर्मगुरूंनीही जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडलाच पाहिजे असं ठरवलं होतं. तेव्हा सगळं एकच नाही. पण पोटामागे धावणं कुठेतरी थांबलं पाहिजे, याबद्दल या मंडळींत भांडण दिसत नाही.

आपली एकादशी मात्र या कसोटीवर मला अवघड वाटते. पोटाला विश्रांती, ठीक. पण ‘एकादशी, दुप्पट खाशी’ हे उगाच म्हणत नाहीत. साबुदाणा भिजवायचा, दाण्याचं कूट करायचं, भगर, आमटी, बटाट्याची भाजी, आणि ज्यांचा उपास नाही त्यांचा वेगळा स्वयंपाक. हे करणारीच्या यादीत विसावा कुठे होता?

रविवार तरी कसा मिळाला? नारायण मेघाजी लोखंडे हे सत्यशोधक, ‘दीनबंधु’ या वृत्तपत्राचे संपादक. १८८४ मध्ये त्यांनी गिरणी कामगारांची संघटना बांधली आणि आठवड्याची सुटी मागितली. साहेबाला रविवारी चर्चला जायचं असे, पण गिरणी चालूच. लोखंड्यांनी रविवार हा खंडोबाचा वार असल्याचं मांडलं, असं सांगतात. १० जून १८९० रोजी रविवारची सुटी मान्य झाली. म्हणजे हा दिवस येशूचाही आणि मल्हारीचाही, पण पदरात पडला तो मजुरांनी सहा वर्षं रेटल्यावर. नुसत्या धर्मावर सोडला असता तर गिरणीचा भोंगा आजही रविवारी वाजला असता, असं माझं मत आहे. कोणाला राग आला तर येऊ द्या.

१९४८ च्या कारखाना कायद्याने आठवड्याला एक सुटी दिली. पण आपलं घर कारखाना नाही. घरकामाला येणाऱ्या बाईने सुटी घेतली की तो ‘खाडा’, आणि महिन्याअखेरीला त्याचे पैसे कापायचे. कापणाऱ्या घरांतूनच सकाळी सात वाजता करुणेचे सुविचार येतात, संत-महंत, दलाई लामा, सगळ्यांचे. सुखी आयुष्याची शिबिरं करणारे तर माझ्या ओळखीत ढीगभर आहेत. ध्यानाला बसतात तेव्हा भांडी कोण घासत असतं?

आमच्या सोसायटीच्या सभेत मी मांडलं की प्रत्येक घराने आठवड्याला एक भरपगारी सुटी द्यावी. अपेक्षेप्रमाणे आधी कुरकुर झाली. रविवारी पाहुणे असतात, सोमवारी ढीगभर भांडी पडतात वगैरे. शेवटी एका आजोबांनी विचारलं, ‘अहो, पण त्यांना कोणता वार हवा ते विचारलंत का?’ विचारलं. एकीला गुरुवार हवा होता, तिचा उपास असतो. एकीला शुक्रवार. एकीने रविवार मागितला, कारण मुलगी त्याच दिवशी घरी असते. एक मावशी म्हणाल्या, ‘वार कुठलाही द्या ताई, पण त्या दिवशी फोन करू नका.’

अजून सगळी घरं तयार नाहीत. ज्यांनी सुरू केलंय, त्यांनी कमेंटमध्ये कसं जमवलं ते लिहा, मला पुढच्या सभेत उपयोगी पडेल.