टोकदार अंड्यातून कोंबडाच निघतो का? : एक खुलासा
खुडूक (अंडी उबवायला बसलेल्या) कोंबडीखाली गोल अंडी ठेवल्यास तलंगा (माद्या) आणि टोकदार ठेवल्यास कोंबडे निघतात, हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. पिल्लाचे लिंग बीजांड सुटण्याच्या सुमारासच ठरते. अंड्याला आकार येतो तो त्यानंतर, अंडनलिकेत. मग नर-मादी ओळखायची कशी? गावरान पिल्लांत साधारण ६ आठवड्यांनी जाड, लालभडक होणारा तुरा नराची शंका जागवतो (काही तलंगांचा तुराही लवकर लाल होतो, त्यामुळे विकण्याची घाई नको). मात्र ३ महिन्यांच्या सुमारास पाखरू हातात घेऊन शेपटीच्या बुडाशी, कमरेवर नीट पाहिल्यास नराची नवी पिसे लांब, निमुळती व चकचकीत, तर तलंगेची गोलसर टोकाची दिसतात.