क्योतोत मला वाकून वाकून हाकललं

गिओन मात्सुरी म्हणजे क्योतोचा रथांचा उत्सव; त्याची पहिली मिरवणूक 17 जुलैला सकाळी नऊला निघते, म्हणून मी सातलाच शिजो-कावारामाची चौकात कोपरा धरला. रथ वळतात ते इथेच. बारा-बारा टनांची धुडं, भलीमोठी लाकडी चाकं आणि स्टिअरिंग नावालाही नाही, मग चाकांखाली बांबूच्या ओल्या कामट्या अंथरायच्या आणि दोर लावून अख्खा रथ आडवा खेचायचा. सरळ जाणारा रथ काय, कुठूनही दिसतो हो.

तर सगळ्यात पुढचा रथ, नागिनाता-होको, लांबून दिसायला लागला आणि हातमोजेवाले एक काका समोर उभे. हातात लाल दांडकं. कमरेत वाकले. सुमिमासेन, म्हणजे माफ करा, इथे थांबता येणार नाही. म्हटलं, सातपासून उभा आहे. ते आणखी वाकले, उन्हात फार त्रास झाला असेल, माफ करा, आणि दांडकं पुढच्या दिशेला. मी शेजारी घडीच्या स्टुलावर बसलेल्या आजींकडे बोट दाखवलं, मग या कशा? काका आजींकडे वळून वाकले, आजी बसल्या बसल्या वाकल्या, मग दोघं मिळून माझ्याकडे बघून वाकले. झालं, निकाल लागला!

आपल्याकडे लक्ष्मी रोडवर पोलीस "ए, चल पुढं" म्हणतो, आपण "ओ साहेब, नीट बोला" म्हणतो, चार लोक आपली बाजू घेतात आणि त्या गडबडीत गणपती बघून होतो. इथे भांडायचं कोणाशी?

मला तर वेगळीच शंका आहे. हा उत्सव ज्या यासाका देवळाचा, त्याचं चिन्ह कापलेल्या काकडीसारखं दिसतं म्हणून तिथले भाविक जुलैभर काकडी खात नाहीत, आणि मी आजींच्या शेजारी बसून, कुरुम कुरुम आवाज करत, काकडीचं सँडविच खाल्लेलं. तसा हा उत्सव सुरू झाला तोच 869 साली, रोगराई शहराबाहेर घालवायला. म्हणजे हाकलण्याचा साडेअकराशे वर्षांचा सराव!

गर्दीमागून मला फक्त रथाचं 25 मीटर उंचीवरचं टोक हळूहळू फिरताना दिसलं, लोक ओरडले, टाळ्या पडल्या, म्हणजे वळला असणार.

पुढे ओइके रस्त्यावर तिकीटवाल्या खुर्च्या. 2023 साली तिथे 4 लाख येनची सीटही विकायला काढली होती, घ्या! उन्हाला कंटाळून काही लोक सावलीत गेलेले, खुर्च्या रिकाम्या. मी नुसता टेकलो, तर दुसरे हातमोजेवाले काका आलेच, वाकत.